आय

जुलैतल्या एका दुपारी मी प्राप्तिकराच्या कागदांचा ढीग जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. बाहेर ठाण्याचा पाऊस लागला होता आणि बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र काही केल्या सापडत नव्हते. तेवढ्यात खाली सोसायटीच्या आवारात एक पोरगा "ए आय!" असे ओरडला. हल्ली वर्तमानपत्र उघडावे तिथे ही अक्षरे भेटत असल्यामुळे, पावसात फुटबॉल खेळणारी मुलेसुद्धा आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलू लागली की काय, असे क्षणभर वाटले. दुसरी हाक आली ती "ए आय, टॉवेल टाक ना!" अशी, तेव्हा उलगडा झाला. टेबलावरच्या कागदांत 'आय' आणि खाली आवारातही 'आय'. प्रमाणपत्राचा शोध तिथेच राहिला.

लहानपणी आमच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती. माझा एक वर्गमित्र चेंदणी कोळीवाड्यात राहत असे, आणि शाळा सुटल्यावर मी पुष्कळदा त्याच्या घरी रेंगाळत असे. त्याची आय पाट्यावर लसूण आणि सुक्या मिरच्या वाटायची. लसणीची सालेसुद्धा ती धड काढत नसे. वरवंट्याच्या दोन फेऱ्यांत ती आपोआप सुटत आणि मग बोटाच्या टोकाने ती बाजूला सारी. तव्यावर भाजलेले सुके बोंबील, तांदळाची भाकरी आणि ते वाटण खाऊन मी एकदा घरी आलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "आय, मला जेवायला नको." आईने हातातली पोळी तव्यावरच राहू दिली. "आय काय? आई म्हण." ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मूळची साताऱ्याकडच्या खेड्यातली, पण तिच्या खळ घातलेल्या बोलण्यावरून ते कोणाला ओळखता आले नसते.

पुढे कधीतरी वडिलांबरोबर मुंबईला गेलो असताना महर्षी कर्वे मार्गावर 'आयकर भवन' अशी पाटी दिसली. 'कर' म्हणजे हात, हे नुकतेच पाठ झाले होते. त्यामुळे ही एवढी मोठी इमारत आयांच्या हातांसाठी बांधली असावी, असा अर्थ मी लावला आणि तो वडिलांना सांगितला. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "आईचा नव्हे रे, सरकारचा हात." घरात येते ती आय, हा संस्कृतातला अर्थ मला त्या दिवशी कळला.

तेव्हापासून एक खोड लागली. परक्या भाषेत ओळखीचा आवाज ऐकला की मी तो वहीत उतरवतो. 'आय'च्या पानावर आता फारशी जागा उरलेली नाही. तुर्की भाषेत 'आय' म्हणजे चंद्र, आणि महिनासुद्धा. हे मला फार पटते, कारण आमचीही आय महिन्यातून एकदाच उगवते आणि पुढे कलेकलेने घटत जाते. जपानी भाषेत त्याच आवाजाचा अर्थ प्रेम. व्हिएतनामी भाषेत 'आय' म्हणजे कोण. ही भाषा दूरच्या नात्याने आपल्या मेळघाटातल्या कोरकूच्या कुळातली आहे, पण त्यावरून आयशी तिचे काही जुळत नाही. फ्रेंच माणूस लसणीला 'आय' म्हणतो, लिहिताना त्यात एक निरुपयोगी 'एल' ठेवतो. ही नोंद करताना मला कोळीवाड्यातला पाटा आठवला होता. इंग्रजांचा 'आय' म्हणजे मी, आणि तो ते वाक्यात कुठेही आला तरी मोठ्याच अक्षरात लिहितात.

या वहीचा मी एक नियम ठेवला आहे: अर्थ जुळला तर नोंद नाही. आवाज जुळला की लगेच सगळ्या भाषा एकाच मुळातून काढून दाखवणाऱ्या मंडळींचा मला मनापासून कंटाळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील म्बाबारम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणत. तो शब्द इंग्रजीतून घेतलेला नाही, निव्वळ योगायोग आहे. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज मोजकेच, सांगायच्या गोष्टी अगणित. मग टक्कर होणारच. त्यातून 'आय' तर जबडा उघडून मिटता मिटता निघणारा आवाज.

स्पॅनिश भाषेने मात्र नियमाची पंचाईत केली. तिथे ठेच लागली की माणूस 'आय!' म्हणून कळवळतो. आपण अशा वेळी आईला बोलावतो. म्हणजे अर्थ जुळला की नाही जुळला?

सहा वर्षांपूर्वी आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री रुग्णालयात मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. औषधाच्या गुंगीत पहाटेपर्यंत ती थोड्या थोड्या वेळाने एकच शब्द म्हणत होती. "आय," म्हणायची, थांबायची, आणि पुन्हा, "आय." परिचारिकेने विचारले, "दुखतंय का त्यांना? की कोणाला हाक मारतायत?" मला सांगता आले नाही. त्या नोंदीपुढे कोणती भाषा लिहावी हे अजून ठरत नसल्यामुळे ती वहीत केलेली नाही.