नावाच्या रकान्यापाशी अडलेला बाप्तिस्मा

लेकीचं नाव आम्ही कृपा ठेवलं. जन्मदाखला मिळाला, बाप्तिस्म्याआधीचा वर्गही एका रविवारी उरकला. अडलो ते आमच्या कॅथलिक चर्चच्या ऑफिसात.

खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "हे घरचं नाव झालं. बाप्तिस्म्याचं काय?"

"तेच."

"संताचं लागतं. आना, मारिया, काहीतरी लिहा."

आना म्हणजे मूळ हिब्रूतली हन्ना, तिचा अर्थ कृपाच, हे सांगून पाहिलं.

"मग आनाच लिहा की!"

यावर मी गप्प.

तीन फेऱ्या झाल्या. एकदा फादर अंत्यविधीला गेलेले, एकदा बाईंची जेवणाची सुट्टी, एकदा नुसतंच "उद्या या". घरी आईही त्यांच्याच बाजूची: "आपल्यात असलं नाव आहे का कुणाचं?" बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात अलीशिबेच्या बाळाचं नाव ठेवताना तिचे नातेवाईक हेच म्हणतात. तिथे तिच्या नवऱ्याने, मुक्या झालेल्या जखऱ्याने, पाटी मागवली आणि 'याचे नाव योहान' लिहून विषय संपवला. योहान म्हणजेही 'परमेश्वर कृपाळू आहे'. मला पाटी कोण देणार?

माझी चिडचिड नियमावर नव्हती. अब्रामचा अब्राहाम झाला, शिमोनाचा पेत्र झाला. बायबलमध्ये नवं नाव मिळतं ते काम सोपवताना. नाव म्हणजे देवाची हाक. ती हाक लेकीला घरच्या भाषेत कळावी, एवढंच आमचं म्हणणं.

(धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी घेणारी बाई, ठरवताना तिचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालंय का आणि सोळा वर्षं पूर्ण आहेत का, ते आधी विचारा. आमची मावसबहीण त्यात बाद झाली.)

चौथ्या खेपेला फादर भेटले. त्यांनी कपाटातून चर्चच्या कायद्याचं पुस्तक काढलं. १९१७ च्या कायद्यात ख्रिस्ती नाव नसेल तर संताचं नाव जोडायला सांगितलं होतं; १९८३ च्या कायद्यात, कलम ८५५ मध्ये, फक्त ख्रिस्ती भावनेला परकं नाव नको एवढंच आहे. "कृपा परकी कशी?" ते म्हणाले. दोन मिनिटांत सही! खिडकीशी वाद घालत बसू नका, थेट फादरांची वेळ घ्या.

रविवारी चर्चच्या दारात फादरांनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंत?" मी तोंड उघडायच्या आत आईच ठसक्यात म्हणाली, "कृपा."

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मात्र 'क्रुपा' छापून आलंय. नोंदवहीत लिहिताना शेजारी उभे राहा. मी उद्या पुन्हा खिडकीशी.