चिखलाची बादली

गुरुवार, रात्री साडेदहा

नखांत अजून माती आहे. दोनदा साबण लावला तरी अंगठ्याच्या कडेला काळी रेघ राहिलीच. राहू दे आजची रात्र.

सकाळी लवकर निघून नातीला घेऊन जेरुसलेमला गेले. माउंट स्कोपसवर मित्स्पे हमासुओत म्हणून जागा आहे, तिथे मंदिराच्या डोंगरावरची माती चाळायचं काम चालतं. कुणीही जावं, हात लावावा. आजवर दोन लाखांहून जास्त माणसांनी लावलाय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. इस्राएलला येऊन इतकी वर्षं झाली, अन् आज पहिल्यांदा गेले. समोर दरीपलीकडे तो डोंगर, त्यावर सोनेरी घुमट. आमचं बेत हमिकदाश, म्हणजे ज्यूंचं प्राचीन मंदिर, तिथे होतं. मुसलमानांची पवित्र जागा, हराम अल-शरीफ, तीही तीच. दोघांचंही तितकंच जिवाभावाचं.

1999च्या नोव्हेंबरात तिथे तळघरातल्या मारवानी मशिदीला मोठं दार काढायचं म्हणून वक्फने, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या मुस्लिम संस्थेने, बुलडोझर लावले. मशिदीला दार हवं, माणसं सुखरूप बाहेर पडायला हवीत, याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण अशा जागी खणताना हातात खुरपी आणि कुंचला हवा, शेजारी पुरातत्त्वाचा जाणकार हवा. त्यातलं काही झालं नाही. चारशेच्या आसपास ट्रक माती निघाली आणि बरीचशी खाली किद्रोनच्या दरीत ओतली गेली. झाखी झ्वाइग तेव्हा पुरातत्त्वाचा विद्यार्थी होता. त्याने त्या ढिगांत जुनी खापरं पाहिली आणि विषय सोडला नाही. पुढे पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांच्याबरोबर 2004 साली हे चाळणीचं काम उभं केलं. आधी ते एमेक त्सुरीमला चालायचं, 2019पासून इथे.

माती आधी बादलीत पाण्यात भिजवून ठेवतात. मग ती चौकटीवर ताणलेल्या जाळीवर ओतायची आणि पाइपाने धुवायची. चिखल खाली वाहून जातो, वर खडे उरतात. पहिल्यांदा सगळं एकसारखंच राखाडी दिसतं. शिकवणाऱ्या मुलीने सहा गोष्टी शोधायला सांगितल्या: खापर, काच, हाड, धातू, फरशीच्या नक्षीतले चौकोनी दगड आणि वेगळा वाटेल असा कुठलाही दगड. मग डोळा बसायला लागला. अलिबागला आई सुपात तांदूळ घेऊन उन्हाला बसायची, मान खाली, बोटं चालू, बोलणंही चालू. माझी बोटं आपोआप तशीच चालायला लागली. नात म्हणाली, "आजी, तू किती भरभर करतेस!"

आम्हाला मिळालं ते एवढंच: बकरीची असावीत अशी हाडं, मूठभर खापरं, हिरवट काचेचा कपचा, एक गंजका खिळा आणि पांढरे चौकोनी दगड तीन. खिळा घोड्याच्या नालेचा असू शकेल, ती मुलगी म्हणाली. क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळात टेम्पलर या ख्रिस्ती सरदारांचे घोडे त्याच तळघरात बांधलेले असत. या मातीत सोनेरी मुलाम्याचे काचेचे तुकडेही सापडतात. घुमटाच्या इमारतीवर बाहेरून काचेची नक्षी होती, सोळाव्या शतकात ती काढून फरशा बसवल्या, त्यातले ते. म्हणजे एकाच बादलीत आमचं, त्यांचं आणि तिसऱ्याचंही.

मग तिने मातीच्या मोहोरेचा फोटो दाखवला. बोटाच्या पेराएवढी, मागे कापडाचा ठसा, म्हणजे कुठल्यातरी गाठोड्यावर लावलेली. पुढे जुन्या हिब्रूत अक्षरं, अर्धी तुटलेली: "...लियाहू", आणि खाली "इम्मेर". इम्मेर हे याजकांचं, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांचं घराणं, बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकात त्यातल्या पशहूरचं नाव येतं. तुटका का होईना, तो "लियाहू" वाचला आणि माझ्या तोंडून "एलियाहू हन्नाबी" निघून गेलं. आमच्याकडे नवस फेडताना मलिद्याचं ताट पुढे ठेवून ज्याला हाक मारतात तो संदेष्टा. मोहोरेवरचं नाव त्याचं नाही, हे मला कळतं. तरी डोळे भरले.

अर्ध्या शेकेलचं, म्हणजे ज्यूंचं जुनं चांदीचं, नाणंही या मातीत निघालंय, रोमविरुद्धच्या बंडाच्या पहिल्या वर्षाचं, इ.स. 66-67. मंदिरासाठी वर्षाला प्रत्येक पुरुषाने द्यायचा तो कर. आमचे पूर्वज, परंपरा सांगते तसं, त्याच्या कितीतरी आधी नवगावच्या किनाऱ्यावर फुटक्या गलबतातून वर आले. सात पुरुष, सात बाया. पुस्तकं बुडाली, हनुक्काचा सण विसरला, पण शेमाची प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी राहिली. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणत.

काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात, ही माती थरातून निघालेली नाही, म्हणून तिच्यातून पक्कं काही सांगता येत नाही. खरंच आहे ते. खिळ्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. मला त्याचंच जास्त दुःख होतं. वस्तू हाताला लागते, तिची जागा परत मिळत नाही. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर. आमच्यात आडनावातच थर लिहून ठेवलाय. कोकणाच्या आधीचं मात्र काहीच लिहिलेलं नाही. म्हणूनच असेल, जागा हरवलेला तो खिळा मला टाकवेना. डबीत ठेवताना दोनदा पुसला.

वेळ संपली तेव्हा आमची दुसरी बादली अर्धीच झाली होती. ती शेजारच्या कुटुंबाने घेतली. त्यांच्यातल्या बाई नवख्या होत्या, खड्यांकडे नुसत्या बघत उभ्या. निघताना मी त्यांना आमचा एक पांढरा चौकोनी दगड दाखवला आणि माझ्या मोडक्या हिब्रूत म्हटलं, असा दिसला तर टाकू नका.