दोन ओळींचा पॅच

आजचा अख्खा दिवस लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फाइली सांभाळणाऱ्या कोडच्या) एका बगने खाल्ला. डिस्क भरली की प्रोसेस अडकायची, थेट 'डी' स्टेटमध्ये, म्हणजे कशालाच दाद न देणाऱ्या झोपेत. मग किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने बंद करायची कमांड) मारा नाहीतर डोकं आपटा, ढिम्म हलत नाही. शेवटी सापडलं एरर पाथमध्ये, म्हणजे काही बिघडल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये: एका वेळी एकानेच लिहावं म्हणून आधी फाइलचं लॉक घेतलंय, पुढे जागा नाही म्हणून सरळ एरर रिटर्न केलाय आणि लॉक सोडायचं राहूनच गेलंय. त्यानंतर त्या फाइलमध्ये लिहायला येणारा प्रत्येकजण रांगेत. सगळं सुरळीत असतानाचा कोड जो तो तपासतो हो, डिस्क भरल्यावरच्या गल्लीत फिरकतो कोण?

दुरुस्ती काय, तर रिटर्नच्या जागी अनलॉककडे नेणारा गोटू (कोडमधली उडी). दोन ओळी!

एक्सएफएसटेस्ट्स, म्हणजे फाइलसिस्टिम तपासणाऱ्या टेस्ट्स, लावल्या (नाव एक्सएफएस या फाइलसिस्टिमचं, पण ईएक्सटी४ या दुसरीलाही त्याच चालतात) आणि सातपूरची लाइट गेली. आल्यावर जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) रिप्ले होऊन डिस्क लगेच माउंट झाली. २००१ मध्ये जर्नलवाली ईएक्सटी३ लिनक्समध्ये येण्याआधी, ईएक्सटी२ वर, अशा वेळी अख्खी डिस्क तपासून होईपर्यंत बसून राहायचं.

टेस्ट पुन्हा पहिल्यापासून लावल्यात, रात्रभर चालतील. उद्या सकाळी मिसळ खायला कोण येतंय? निकाल काहीही लागो, मी येणार.