दहन आणलं का?

मागच्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. पतसंस्थेतून सुटल्यावर बाजार करून घरी जायचं म्हणून फोनमधली यादी उघडली. यादी अशी होती: शेंगदाणे अर्धा किलो, डाय, केव्हा एक डझन, दहन.

होळीला अजून महिना होता. मी भर चौकात उभी राहून यांना फोन लावला. पलीकडून अगदी शांत उत्तर आलं, "अगं दळण! गिरणीत डबा ठेवलाय, तो घेऊन ये."

आमच्या यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळा लागला की विहिरीवरच्या मोटारी जळायला सुरुवात होते, आणि मग दिवसभर यांचे हात वॉर्निश आणि तांब्याच्या तारेत. टाइप करायला बोट मोकळं नसतं, म्हणून हे फोनला बोलून सांगतात. 2017 पासून फोन मराठी ऐकून लिहितो. पण तो ऐकतो पुस्तकातली मराठी आणि हे बोलतात अहिराणी. अहिराणीत ळ चा य होतो. डाळ म्हणजे डाय, केळी म्हणजे केया, दळण म्हणजे दयन. फोन बिचारा त्याला ठाऊक असलेल्या शब्दांत जवळचा कोणता ते शोधतो आणि लिहून मोकळा होतो.

तर ही आमच्या घरच्या सामायिक यादीची ओळख. अमळनेर-पारोळ्याच्या मधलं आमचं गाव. घरात सासूबाई म्हणजे माई, सासरे तात्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं. धाकटे दीर-जाऊ चिंचवडला, नणंद सुरतेला उधन्यात. खानदेशातल्या निम्म्या घरांचा नकाशा साधारण असाच असतो.

हे सगळं फोनवर आलं ते माईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. तोवर घरातली प्रत्येक तारीख माईंकडे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात असायची. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, म्हैस कधी दाखवली, कोणाची सून कितव्या महिन्यात, सगळं त्या चौकोनांत, त्यांच्याच खुणांनी. गोल म्हणजे दूध नाही, फुली म्हणजे सिलिंडर. ऑपरेशनच्या आधी वर्षभर त्यांना ते चौकोन दिसत नव्हते, पण त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. "मना समदं ध्यानमा शे," एवढंच म्हणायच्या. मग एका महिन्यात तात्यांच्या बीपीच्या गोळ्या दोनदा आणल्या गेल्या आणि दुधाचा हिशोब भय्याने सांगितला तसा द्यावा लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आधी आम्ही व्हॉट्सॲपवर 'घर' नावाचा ग्रुप केला. तो आठवडाभर उपयोगी पडला. नंतर सुप्रभात, कपाशीचे भाव आणि सुरतेच्या भाच्याचे डान्सचे व्हिडिओ यांत साबण-तेल बुडून गेलं. ग्रुपवर सांगितलेलं काम वर सरकत जातं, आणि दिसेनासं झालेलं काम झालेलंच वाटतं.

म्हणून यादीसाठी गूगल कीप घेतलं. एक नोट काढायची, चौकोनवाली करायची, आणि तिच्यात घरच्यांचे जीमेल जोडायचे. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं. वस्तू घेतली की टिक करायची, ती यादीच्या तळाशी जाते. इतकं सोपं. तरी पहिल्याच आठवड्यात तात्यांच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या, कारण यांनी 'गोळ्या'वर टिक केली होती. मेडिकलमध्ये गेलात का, विचारलं तर म्हणे, "नाही, वाचलं म्हणून टिक केली." व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांची सवय! मग रात्री जेवताना कायदा ठरला. टिक म्हणजे पिशवीत पडलं. वाचलं म्हणजे काहीच नाही. हा कायदा ॲप टाकण्याच्या आधी करायला हवा होता, असं मला आता वाटतं. नवीन जोडपी विचारतात कोणतं ॲप चांगलं, मी सांगते कोणतंही घ्या, पण टिकचा अर्थ एकदा समोरासमोर बसून ठरवा.

तारखांसाठी गूगल कॅलेंडर. त्यात 'घर' नावाचं वेगळं कॅलेंडर काढून सगळ्यांना दिलं. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. दर पाच दिवसांनी आपोआप येणारी नोंद त्यात करता येते, हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला! शेतातल्या लाइटचंही तसंच. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणून दर दोन आठवड्यांची नोंद. तात्यांना आता रात्री पाणी भरायला कधी जायचं ते मुलगा फोन बघून सांगतो.

यातही एक गंमत झाली. पाण्याच्या दिवशी पहाटे गजर वाजायचा तो फक्त माझ्या फोनवर. सामायिक कॅलेंडरमध्ये नोंद सगळ्यांना दिसते, पण सूचना कोणाला कधी द्यायची हे प्रत्येकाने आपापल्या फोनात लावायचं असतं. मला ते माहीत नव्हतं. दोन महिने मी एकटीच उठून टाकी, ड्रम, हंडे भरले आणि मनातल्या मनात सगळ्यांना बोल लावले. माई मात्र गजराशिवाय उठायच्या. नळात हवेचा खर्र आवाज आला की, "पाणी उनं!" कॅलेंडरात नसलेल्या दिवशी पाणी आलं तरी त्यांना कळायचं. मला नाही.

कुठे आहात ते नकाशावर दाखवायची सोयही आम्ही लावून बघितली. हे मोटार काढायला चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गेले की रेंज जाते, आणि ठिपका तासन्तास एकाच जागी. ठिपका हलत नाही म्हणून माझा जीव टांगणीला. पंधरा दिवसांत बंद केली.

आता कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं सांगते, कारण त्यासाठीच हे लिहायला बसले.

कानबाई आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिचं विसर्जन होतं. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. कोण परगावी आहे, कोण किती वर्षं आला नाही, याने फरक पडत नाही. नाव घेतलं की मूठ पडते. गिरणीवाला आधी गिरणी धुऊन-पुसून घेतो आणि मग ते दळण दळतो. भाऊ वेगळे राहिले की रोटही वेगळे होतात, म्हणून चिंचवडला वेगळं बिऱ्हाड असूनही दीर दरवर्षी इथेच येतात. आमचे रोट अजून एक आहेत.

2024 ला कानबाई 11 ऑगस्टला होती. मी ती मोठ्या हौसेने कॅलेंडरात टाकली आणि खाली 'दरवर्षी' निवडलं. झालं, एकदाचं काम मिटलं असं वाटलं. पण फोनची 'दरवर्षी' इंग्रजी तारखेला येते, तिथीला नाही. 2025 मध्ये फोनने 11 ऑगस्टच दाखवली, आणि तो होता सोमवार. दिरांनी ते बघून रजा टाकली. त्यांना संशय यायचं कारणही नव्हतं, कारण 9 ला शनिवारी राखीपौर्णिमा होती. त्यांना वाटलं, यंदा राखी आणि कानबाई जोडून आली. खरी कानबाई होती 3 ऑगस्टला.

नागपंचमीच्या दिवशी, 29 जुलैला, माईंनी बाळाची चौकशी करायला फोन केला. बाळ पाच महिन्यांचं, त्याची पहिलीच मूठ पडायची होती. "शनिवारी निघशी ना?" माईंनी विचारलं. "हो, नऊ तारखेला." माईंनी फोन माझ्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत, नुसतं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. 1973 पासून निघणारं ते कागदी कॅलेंडर खिळ्यावर वाऱ्याने हलत होतं. शनिवारी रात्री बसच्या शेवटच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन दीर-जाऊ आले.

गहू मोजताना माईंनी नावं घेतली. तात्या, हे, माझा मुलगा, दीर, बाळ. पाच. माझी आठवीतली मुलगी बाजूला बसली होती. तिने विचारलं, "आजी, माझी मूठ?" माई म्हणाल्या, "तुनी मूठ पीठ मयाले." सगळे हसले. मीही हसले, पण कॅलेंडर आठवलं. नोंदी सगळ्या माझ्या, यादी मी केलेली, चूकही माझीच. मळणाऱ्या मुठी फोनमध्येही त्याच.

खर्चासाठी मागे दिरांनी स्प्लिटवाइज टाकलं होतं. कोणी किती दिले ते भरलं की कोण कोणाचं किती लागतं ते ॲप सांगतं. मित्रांच्या सहलीला उत्तम. आमच्यात ते दोन महिने टिकलं. देणं नारिंगी अक्षरांत दिसतं. नातवाने ते माईंना वाचून दाखवलं, "पप्पा काकांचे अठराशे देणं लागतात." माई म्हणाल्या, "भाऊ-भाऊमा उधारी कसानी?" अठराशे माईंच्या ऑपरेशनच्या औषधांचेच होते, हे कोणी त्यांना सांगितलं नाही. रात्री दोघा भावांनी ते काढून टाकलं. आता दीर दर महिन्याला यांच्या खात्यावर पैसे पाठवतात आणि कोणी बेरीज करत नाही. मी पतसंस्थेत दिवसभर पै-पैचा ताळा लावणारी बाई, मला हे अजून खुपतं. पण गप्प बसते.

आणखी एक. गूगलमध्ये 'कुटुंब' म्हणून गट करता येतो, त्यात जास्तीत जास्त सहा जण बसतात. आम्ही नऊ, नणंदेचं घर धरलं तर तेरा. म्हणून आमचं कुटुंब तिथे नाही. आमचं साधं सामायिक कॅलेंडरच आहे, त्यात आम्ही सगळे मावतो.

यंदा मी जानेवारीतच नवं कालनिर्णय समोर ठेवून माईंच्या शेजारी बसले. माई सांगत गेल्या, मी भरत गेले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया 19 एप्रिल, त्याआधी नणंदेला तिकीट काढायची आठवण. अधिक ज्येष्ठ आहे म्हणून श्रावण पुढे गेलाय, कानबाई 23 ऑगस्ट. 'दरवर्षी'ला हात लावला नाही. माईंनी एक जास्तीची नोंद करायला लावली: 'गिरणी धुणे, गिरणीवाल्याला सांगणे.' त्याचं जीमेल माझ्याकडे होतंच, मग म्हटलं त्यालाही निमंत्रण पाठवू.

निमंत्रण सगळ्यांना गेलंय. होय, नाही, कदाचित, असे तीन पर्याय येतात. आजपर्यंत 'होय' फक्त गिरणीवाल्याचं आलंय.