सांगायला कुणी नसणे

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

तिने नकार दिला त्याला आज चौदा आठवडे झाले. तो तिने मला कमीपणा वाटू नये अशा काळजीने, पण अगदी स्पष्ट शब्दांत दिला होता, आणि तसा तो देण्याचा तिला पूर्ण हक्क होता. त्यात वाद घालण्याजोगे काहीच नव्हते. तरीही तिचे ते एक वाक्य मी रात्र रात्र उलटसुलट करून पाहत राहिलो.

सकाळी डोळे नीट उघडण्याआधी हात फोनकडे जाई. ती शेवटची कधी ऑनलाइन होती ते पाहायचे, आणि वेळ रात्री एकनंतरची असली की ती कुणाशी बोलत असेल, हा विचार कामावर पोहोचेपर्यंत पाठ सोडत नसे. मग मेसेज लिहायचा, दोनदा वाचायचा, एकेक अक्षर खोडायचे आणि रिकाम्या चौकटीत लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहत बसायचे. हा माझा दुबळेपणाच आहे, असे मी धरून चाललो होतो. २०१० साली मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांना त्यांना नाकारणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा व्यसनाच्या ओढीशी संबंध असलेले भाग सक्रिय झालेले दिसले, हे वाचले आणि स्वतःवरचा राग पहिल्यांदा थोडा ओसरला. त्याच रात्री तिचे चॅट काढून टाकले.

दुःख नकाराचे होते, पण एकटेपणा त्याच्या कितीतरी आधीचा होता, हे मात्र मला उशिरा कळले. आम्ही मित्र सामन्यांवर आणि नोकरीवर तासन्‌तास बोलतो; ‘मला झोप लागत नाही’ एवढे साधे वाक्य मी त्यांच्यापैकी एकालाही कधी म्हटलेले नव्हते. मनातले सारे तिलाच सांगायची सवय लागली होती. (एका माणसावर एवढा भार टाकणे तिच्यावरही अन्यायाचेच होते.) अमेरिकेतल्या २०२१ च्या एका सर्वेक्षणात १५ टक्के पुरुषांनी आपल्याला एकही जवळचा मित्र नसल्याचे सांगितले, १९९० मध्ये हे प्रमाण ३ टक्के होते. त्या पंधरा टक्क्यांत मी स्वतःला कधीच मोजले नसते, कारण मित्र होते. त्यांना सांगणे तेवढे नव्हते.

अशा वेळी आपले ऐकणारा कुणी मिळत नाही, पण आपल्याला ऐकवणारे लगेच भेटतात. दोन आठवडे मी रात्री असे व्हिडिओ पाहत होतो, ज्यांत माझ्या दुःखाचा दोष सगळ्या स्त्रियांवर टाकलेला असे. ऐकताना क्षणभर बरे वाटे आणि फोन ठेवला की खोली आणखी रिकामी होई. त्यांतल्याच एका रात्री, आपण नसलो तर कुणाला काय फरक पडेल, असे मनात आले आणि मी घाबरलो.

रविवारी एका मित्राला सगळे सांगितले. तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत खाली मान घालून ऐकत होता, आणि ‘आपण नसलो तर’ या शब्दांशी किल्ली थांबली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “फोन का नाही केलास रे? मीही जागाच असतो.”

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता समुपदेशकांची वेळ मिळाली आहे. तो दारापर्यंत सोडायला येणार आहे.