बॅगेतली हवा

थंड प्रदेशात जायचं ठरलं की तिकिटं, राहण्याची सोय, रजा हे सगळं कसंबसं जमून जातं. घोडं अडतं ते बॅगेच्या चेनपाशी. पलंगावर मांडलेले कपडे मोजायला गेलं तर फार नसतात. एक जाड जॅकेट, दोन स्वेटर, थर्मलचे जोड, कानटोपी, मफलर, हातमोजे, पायमोजे. यादी वाचून कुणीही म्हणेल, एवढंच ना? पण जॅकेट आणि एक स्वेटर आत गेला की बॅग भरते आणि बाकीचा ढीग पलंगावर तसाच उरतो. मग घरातलं वजनदार माणूस बॅगेवर बसतं, दुसरं कुणीतरी चेन ओढतं आणि तिसरं ‘आधीच सांगितलं होतं’ म्हणतं.

या भांडणात कपड्यांची बाजू कुणीच मांडत नाही. जाड कपडा मुळात स्वतः गरम नसतो. ऊब आपल्याच अंगाची. कपड्याचं काम एवढंच की अंगाभोवतीची हवा जागची हलू द्यायची नाही. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. पाणी तीच उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट सहज वाहून नेतं, म्हणून तर ओला स्वेटर नसल्यासारखाच. तेव्हा बॅगेत आपण कापड थोडं आणि हवाच जास्त भरत असतो. चेन लागू न देणारी जी फुगवट आहे, तीच तिकडे गेल्यावर आपल्याला हवी असते.

पिसांच्या जॅकेटात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं, म्हणजे डाऊन, किती फुलतात यावरून त्यांचा दर्जा ठरतो. जॅकेटाच्या लेबलवर 800 असा आकडा असेल, तर आतली 28 ग्रॅम पिसं मोकळी सोडल्यावर 800 घनइंच, म्हणजे जवळजवळ 13 लिटर जागा व्यापतात. पाठीवरची एक लहान सॅक तेवढ्यातच भरली! 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक पिसं भरलेला, फुग्यांसाठी वापरतात त्या कापडाचा कोट शिवून घेऊन गेला होता. बाकीच्यांच्या अंगावर ट्वीड आणि लोकर. त्यांनी आधी कोटाची थट्टा केली, आणि वर गेल्यावर हेवा.

पिसांचा मोठेपणा असा की ती जितकी फुलतात तितकीच मुकाट्याने दबतात. फक्त अशा जॅकेटाची घडी घालायची नसते, ते कोंबायचं असतं. आधी चेन लावून घ्यायची, म्हणजे तिचे दात कापडात अडकत नाहीत. मग एका बाहीच्या टोकापासून मूठ-मूठ करत पिशवीत सारायचं. घाई केली तर जॅकेट उलट फुगतं, कारण पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून कापड इतकं घट्ट विणलेलं असतं की हवेलाही चटकन वाट मिळत नाही. तळहात दाबून धरायचा, आतून बारीक सुस्कारा ऐकू येतो, तो थांबला की पुढची मूठ. शेवटी दोन हातांत मावेल एवढं गाठोडं उरतं. प्रवासात उशीला टेकू द्यायलाही ते बरं पडतं.

लोकरीचा स्वेटर असा ऐकत नाही. लोकरीच्या तंतूला जन्मजात नागमोडी वळण असतं. दाबला तर दबतो, सोडला की परत उठतो. त्याला सुरळीच बरी. स्वेटर पालथा घालावा, दोन्ही बाह्या पाठीवर आडव्या आणाव्यात, उभी अर्धी घडी करावी आणि खालच्या काठापासून गळ्याकडे गुंडाळत जावं, प्रत्येक वेढ्याला गुडघ्याने दाब देत. गुंडाळी सुटू नये म्हणून पायमोज्याची कड वरून चढवावी. जागा फार वाचत नाही, पण सुरळ्या बॅगेच्या कडेच्या फटींत बसतात, घड्या बसत नाहीत. चाकांच्या बॅगेत तळाला हँडलच्या दांड्यांमधून ज्या खाचा राहतात, त्या तर पायमोज्यांसाठीच केल्यासारख्या असतात. बुटांचं पोटही रिकामं नेऊ नये.

आता व्हॅक्यूम पिशव्या. हवा खेचून घेतली की अख्खा ढीग विटेसारखा कडक आणि चपटा होतो. पाहणारा थक्क होतो. माझा या पिशव्यांवर फारसा विश्वास नाही. त्या आकार कमी करतात, वजन नाही. मोकळी झालेली जागा बघून माणसाला आणखी एक स्वेटर सुचतो, मग जोडीला आणखी एक शाल, आणि विमानतळावरचा काटा काही चपटेपणाला भुलत नाही. हातातल्या बॅगेला पुष्कळ ठिकाणी 7 किलोचीच मुभा असते. शिवाय येताना हवा खेचायला यंत्र कुठून आणायचं? पिशवी घ्यायचीच तर हाताने गुंडाळून हवा बाहेर काढायची, एकमार्गी झडपेची घ्यावी. आत जाणारा प्रत्येक कपडा कोरडा ठणठणीत हवा, नाहीतर पिशवी उघडल्यावर कुबट वास आधी भेटतो. पिसांचं जॅकेट त्यात महिनोन्‌महिने ठेवायचं तर मुळीच नाही. फार काळ दबून राहिलं की त्याचं फुलणं कमी होतं. मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम तेच, त्याला बाहेर काढून झटकायचं.

सगळ्यात जड ते अंगावर, हा जुना उपाय मला अजूनही पटतो. बूट पायात, जॅकेट अंगात किंवा हातावर. उकडतं, तपासणीच्या रांगेत बूट काढायला लागले की मागच्यांचे निःश्वास ऐकावे लागतात, पण बॅगेची निम्मी कटकट मिटते. मात्र जॅकेटाच्या खिशांत चार्जर, पुस्तकं, खाऊचे डबे कोंबून चालतं-फिरतं कपाट होणारी माणसं बघितली की वाटतं, यांनी सरळ जादा वजनाचे पैसे भरलेले परवडले असते.

खरी जागा वाचते ती कमी नेल्याने. बाहेरचं वाराबंद जॅकेट रोज तेच चालतं, त्याखालचा फ्लीस किंवा स्वेटरही तोच. बदलायचा तो अंगाला चिकटलेला थर. तोही मेरिनो लोकरीचा असला तर चार दिवस वास न मारता निघतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही हाताला कोरडी लागते. तीन पातळ थर एका जाडजूड कोटापेक्षा बॅगेत कमी भांडतात, आणि खोलीत आल्यावर एकेक उतरवता येतात.

येतानाची बॅग मात्र हट्टाने जास्तच फुगते, एकही वस्तू विकत घेतली नसली तरी. शेवटच्या रात्री घड्या घालायचा कुणालाच उत्साह नसतो, आणि एखादा हातमोजा हमखास दमट असतो. तो वेगळ्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवावा.

एवढं सगळं समजावून झाल्यावरही दुसरं जॅकेट हवंच असतं. थंडीसाठी नव्हे. सगळ्या फोटोंत एकच जॅकेट दिसतं, हे त्याचं खरं कारण, आणि ते कुणी कबूल करत नाही. माझं म्हणणं, जॅकेट एकच असू द्यावं आणि कानटोप्या चार रंगांच्या न्याव्यात. त्या चारही एका बुटात मावतात.