परभणीचा एप्रिल आणि माझे चार इनव्हॅलिड रिझल्ट

मंडळी, जानेवारीत म्हणलं होतं ना की जुना आय-फाइव्ह कॉम्प्युटर मस्त चालायलाय, बॉइंकवर (घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ संशोधनाच्या गणितांना देणारं सॉफ्टवेअर) ओळीनं सगळं व्हॅलिड, म्हणजे बरोबर, यायलंय, तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम चार रिझल्ट इनव्हॅलिड दिसले आणि खरं सांगतो, पोटात गोळाच आला.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एकच वर्क युनिट, म्हणजे मोठ्या गणिताचा एक तुकडा, दोन वेगळ्या लोकांच्या मशीनवर जातं, उत्तरं जुळली तर दोघांनाबी क्रेडिट (केलेल्या कामाचे गुण), नाही जुळली तर तिसऱ्याकडं पाठवतात. जुळणं म्हणजे अंक न् अंक सारखा असंच नाही, दशांशाच्या गणितात प्रोसेसर नायतर ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की शेवटचे अंक हलतात, म्हणून काही प्रोजेक्ट थोडा फरक चालवून घेतात आणि काही सारख्याच जातीच्या मशीनची जोडी लावतात. माझ्या चारही वेळेला बाकीचे दोघं एकमेकांशी जुळले, मीच वेगळा पडलो.

रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावला. सकाळपर्यंत एकबी एरर नाही. वाटलं रॅम चांगली आहे, मग दोन दिवस पॉवर सप्लाय आणि केबलच्या मागं लागलो, ते सगळं वाया गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ४२ डिग्री, पत्र्याखालच्या त्या खोलीत परत मेमटेस्ट लावला आणि अडीचच्या सुमाराला लाल ओळी यायला लागल्या, सगळ्या रॅममधल्या एकाच पत्त्याच्या आसपास. आबा दारातून बघून म्हणले, "मशीनलाबी ऊन लागलं का रे?" तेच झालं होतं. रॅमच्या ४ जीबीच्या दोन स्टिक, एक काढली, पिना खोडरबरनं घासून परत बसवली तरी एरर, दुसरी एकटी लावली तर दोन दुपारी एकदम स्वच्छ.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. अ‍ॅडॅप्टिव्ह रेप्लिकेशन नावाच्या बॉइंकच्या पद्धतीत ज्या मशीनचे रिझल्ट ओळीनं बरोबर येतात त्याच्यावर भरवसा ठेवून बरंचसं काम त्याला एकट्यालाच देतात, दुसरी प्रत मधून मधूनच काढतात. माझ्या मशीननं तो भरवसा कमावला थंडीत! तेवढ्यावर एप्रिलच्या भर दुपारचे रिझल्ट एकट्याचे म्हणून पास झाले असतील, त्यांचं काय? ते चार तरी जोडीला होते म्हणून सापडले. त्या तारखा काढून प्रोजेक्टवाल्यांना कळवल्यात, माझं क्रेडिट गेलं तरी चालेल, पण चुकीचा आकडा कुणाच्या संशोधनात जाऊ नये.

म्हणूनच गिम्प्सची पद्धत मला लई आवडती; लोकांच्या कॉम्प्युटरवर मर्सेन प्राइम (दोनच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळ संख्या) शोधणारा हा प्रकल्प. मोठ्या मर्सेन प्राइमसाठी तिथं पूर्वी संख्या मूळ आहे का ते ठरवणारी ल्युकास-लेहमर टेस्ट खात्रीसाठी सगळी परत करावी लागायची. आता पीआरपी टेस्ट (संख्या बहुधा मूळ आहे का ते बघणारी) चालू असतानाच गेर्बिक्झ चेक मधी मधी हिशोब तपासतो, चूक दिसली तर मागच्या चांगल्या टप्प्यावर परत जातो, आणि २०२० पासून शेवटी प्रूफ फाइल निघती जी दुसरं मशीन एक टक्क्यापेक्षा कमी कामात तपासतं. रॅम बिघडलेली असली तरी चूक तिथल्या तिथं पकडली जाती.

सध्या एकाच स्टिकवर चालायलंय, दुपारी बारा ते पाच बंद, बाकी वेळ तीन कोअर. चूक झाली की बॉइंकचा भरवशाचा काउंट (ओळीनं बरोबर आलेल्या रिझल्टचा) शून्यावर येतो, माझा आज सातवर आलाय.